टारफुल्यावर जीए मारायचं का? ज्वारीची मुळं, तिचे हार्मोन आणि हे तण

मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका दादांचा प्रश्न आहे. मध्यम जमिनीत मालदांडी पेरलीय, खाली ओल आहे तरी एका पट्ट्यातली ज्वारी दुपारी पानं गुंडाळून घेते, उंची खुंटलीय, कणीस पोटरीतच, म्हणजे वरच्या पानाच्या वेढ्यातच, अडकलंय आणि बुडाशी बारीक पांढऱ्या फुलांची वीतभर झाडं दिसायला लागलीत, म्हणजे टारफुला, ज्वारीच्या मुळावर जगणारं परजीवी तण. दुकानात सांगितलं की पिकातले हार्मोन, म्हणजे झाडाची वाढ ठरवणारी रसायनं, कमी पडलेत, जीए (जिब्रेलिन) आणि सहा-बीए (सायटोकायनिन) मारा. डाळिंबवाले पाव्हणे म्हणतात इथ्रेल, म्हणजे इथिलीन हा हार्मोन वायू सोडणारं औषध, मारलं की टारफुला खलास. यातलं खरं काय, आणि या तणाचा हार्मोनशी संबंध तरी काय, असं त्यांनी विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. यंदा या ज्वारीवर जीएही मारू नका, सहा-बीएही नाही आणि इथ्रेल तर अजिबात नाही. पैसे जातील आणि दाणा वाढणार नाही. पण दुकानदार जे बोलला ते सगळं खोटंही नाही, हार्मोन खरंच बिघडलेले असतात, फक्त ते कुठून बिघडतात आणि कधी बिघडतात हे कळलं की मग फवारणीचा विचार आपोआप मागे पडतो. कारण टारफुल्याचा खरा खेळ जमिनीखाली, तुम्हाला तो दिसायच्या महिना-दीड महिना आधी होऊन गेलेला असतो, आणि तो सगळा खेळ ज्वारीच्या हार्मोनवरच चालतो.

टारफुल्याचं बी कधी हातावर घेऊन बघितलंय का? वाळलेलं बोंड तळहातावर चोळलं की तपकिरी भुकटी पडते, तेच बी. एक दाणा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, फुंकर मारली की उडतो. एका झाडाला असे पन्नास हजारांच्या वर, कधी लाखभरसुद्धा दाणे येतात आणि ते मातीत दहा-पंधरा वर्षं जिवंत राहू शकतात. आता एवढ्याशा दाण्यात साठवलेलं अन्न ते किती असणार. उगवला की काही दिवसांत, काही मिलिमीटरच्या आत त्याला ज्वारीचं मूळ सापडलं पाहिजे, नाहीतर तो मेला. म्हणून हे बी पाऊस पडला, ओल मिळाली, ऊब मिळाली तरी उगवत नाही. ओलीत आठवडा-दोन आठवडे तयार होऊन बसतं आणि मग वाट बघतं, शेजारी यजमानाचं, म्हणजे ज्याच्यावर ते जगतं त्या पिकाचं, मूळ आलंय अशी खूण मिळायची.

ती खूण म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन. हा ज्वारीचा स्वतःचा हार्मोन आहे, कॅरोटिनपासून, म्हणजे गाजराला जो रंग देतो त्याच घराण्यातल्या पदार्थापासून झाड तो तयार करतं आणि मुळावाटे मातीत सोडतं. प्रमाण इतकं कमी की एका लिटर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी बी जागं होतं. आफ्रिकेतला जो मोठा टारफुला आहे, स्ट्रायगा हर्मोन्थिका, त्याच्यात हे ओळखणारे एकदोन नाही तर अकरा रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारी प्रथिनं, सापडलेत, २०१५ साली त्यावर मोठं काम झालं. बाकीच्या साध्या झाडांत त्याच घराण्यातला रिसेप्टर जळलेल्या गवताच्या धुरातली रसायनं ओळखायच्या कामी येतो. टारफुल्याने त्याच्या प्रती वाढवत नेल्या आणि त्या दुसऱ्याच्या मुळाचा माग काढायला वापरल्या. हे मला आजही थक्क करतं.

मग ज्वारी असला घातक पदार्थ सोडतेच कशाला, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही कितीतरी वर्षं पडला होता. १९६६ मध्ये अमेरिकेत कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा स्ट्रायगॉल वेगळं काढलं ते कापसाच्या मुळांच्या स्रावातून, आणि गंमत म्हणजे कापसावर टारफुला वाढतच नाही. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं हे फक्त तण उगवणारं रसायन म्हणूनच माहीत होतं. २००५ मध्ये जपानच्या अकियामांच्या गटाने दाखवलं की हेच रसायन मायकोरायझा बुरशीला मुळाकडे बोलावतं, तिचे धागे फुटून मुळाच्या दिशेने पसरतात आणि ती बुरशी झाडाला फॉस्फरस आणून देते. आणि २००८ मध्ये जपान आणि फ्रान्सच्या दोन गटांनी एकाच वेळी सिद्ध केलं की झाडाच्या आत हा एक हार्मोन आहे, फुटवे किती फुटू द्यायचे ते तो ठरवतो. म्हणजे बघा, ज्वारी भुकेली झाली की वर फुटवे कमी करते आणि खाली बुरशीला जेवणाचं आवतण धाडते, आणि ते आवतण टारफुल्याच्या कानावर पडतं, न बोलावता तो येऊन पंगतीला बसतो.

यातला 'भुकेली' हा भाग नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या हातात जे काही आहे ते इथेच आहे. फॉस्फरस कमी पडला की स्ट्रायगोलॅक्टोन वाढतं, आणि ज्वारीत तर नत्र कमी पडलं तरी वाढतं, दोन्हीचे प्रयोग झालेले आहेत. आता आपली जमीन बघा. सोलापूरची चुनखडीची काळी जमीन, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर, फॉस्फरस टाकला तरी चुन्यात अडकून बसतो. त्यात रब्बी ज्वारी कोरडवाहू, कितीतरी लोक खत न टाकताच पेरतात, कारण पाऊस पडेल न पडेल, खताचे पैसे कशाला घालायचे. मी लोकांना यात दोष देत नाही, ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याने जोखीम कमीच घ्यावी. पण भुकेल्या जमिनीतली ज्वारी मुळाशी जास्त स्ट्रायगोलॅक्टोन सोडते आणि बी जास्त उगवतं हे तितकंच खरं, म्हणून टारफुला नेहमी हलक्या, मुरमाड, धुपलेल्या पट्ट्यात आधी दिसतो आणि भारी काळ्या तळात कमी. तुमचाही तो पट्टा उताराच्या वरच्या अंगाला असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता इथ्रेलचं. पाव्हण्यांनी जे सांगितलं त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. स्ट्रायगोलॅक्टोनची खूण बियाला मिळाली की बी आतल्या आत इथिलीन तयार करतं आणि त्या इथिलीनमुळे उगवण सुरू होते. म्हणजे बाहेरून नुसतं इथिलीन दिलं तरी टारफुल्याचं बी उगवतं, शेजारी मूळ नसलं तरी, आणि मग उपाशी मरतं. अमेरिकेत १९५६ साली दोन्ही कॅरोलिना राज्यांत टारफुला सापडला, चार लाख एकरांहून जास्त क्षेत्रात पसरला होता, आणि तिथे त्यांनी ट्रॅक्टरला इंजेक्टर लावून जमिनीत इथिलीन गॅस सोडला. त्याच्या जोडीला तणनाशकं, दुसरीकडे बी जाऊ नये म्हणून अवजारांवर-मालावर क्वारंटाइन, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालवलं तेव्हा कुठे ते क्षेत्र अगदी थोड्यावर आलं.

पण ते रिकाम्या जमिनीत, मातीच्या आत, गॅसने केलेलं काम आहे. तुम्ही डाळिंबाच्या बहाराला पानगळीसाठी जे इथ्रेल वापरता ते आम्लात टिकतं आणि सामू चार-पाचच्या वर गेला की फुटून इथिलीन सोडतं. आपल्या आठ सामूच्या मातीवर ते पडलं की वरच्या वर फुटून हवेत जाणार, खाली चार-सहा इंचांवर बसलेल्या बियापर्यंत नीट पोचणार नाही. आणि उभ्या ज्वारीवर मारलं तर ज्वारीच त्याला बळी पडेल, वाढ थांबेल, पानं पिवळी पडतील. शिवाय ज्वारी शेतात उभी असताना बी उगवलं तर ते मरणार नाही, मुळाला जाऊन चिकटेल, म्हणजे उलटंच झालं. बियाला फसवून उगवायचं असेल तर यजमान शेतात नसताना, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे.

तेच काम फुकटात करणारी पिकं आहेत आणि मला वाटतं आपल्या भागासाठी खरा इलाज तोच. कापूस, भुईमूग, सूर्यफूल, सोयाबीन, चवळी, यांची मुळं टारफुल्याचं बी जागं करतात पण त्याला आत शिरू देत नाहीत, किंवा शिरला तरी पोसत नाहीत. बी उगवतं आणि मरतं, म्हणून यांना सापळा पिकं म्हणतात. तेव्हा भुईमुगाचा किंवा सूर्यफुलाचा बेवड, म्हणजे ज्वारीआधी त्याच रानात घेतलेलं पीक, दोन-तीन हंगाम मिळाला की मातीतला साठा खरंच कमी होतो. एका हंगामात नाही होत, हे आधीच सांगतो, कारण पुष्कळ लोक एक वर्ष सोयाबीन करतात, पुढच्या वर्षी ज्वारीत चार झाडं दिसली की म्हणतात काही उपयोग नाही. लाखो दाणे आहेत मातीत, सगळे एका वर्षी मुळाच्या जवळ येत नाहीत. केनियात मक्यात डेस्मोडियम लावतात, तिथल्या इसिपे संस्थेने ते बसवलं, त्याची मुळं बी उगवतातही आणि उगवलेल्याचं मूळ यजमानाला चिकटूही देत नाहीत, पण ते पाऊसमान चांगल्या भागातलं बारमाही पीक आहे, आपल्या साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या पावसात आणि जानेवारीत भेगाळणाऱ्या रानात ते तसंच्या तसं चालेल असं मी म्हणणार नाही.

बरं, आता तुमच्या उभ्या पिकात आत्ता काय चाललंय ते बघू. उद्या सकाळी एक काम करा. त्या पट्ट्यातलं एक ताट उपटू नका, टिकावाने बाजूने फूटभर खोल मातीच्या ढेकळासकट काढा आणि बादलीत पाण्यात तासभर ठेवा. माती विरघळली की हलक्या हाताने मुळं हलवा. ज्वारीच्या मुळाला जागोजागी पांढरट, ठिसूळ दोरे लागलेले दिसतील, त्यावर पानांच्या जागी नुसते खवले, हिरवा रंग कुठेच नाही, आणि जिथे तो दोरा मुळाला भिडतो तिथे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान अशी गाठ. ती गाठ म्हणजे हॉस्टोरियम, चोषक मूळ. वर जेवढी झाडं दिसतात त्यापेक्षा खाली दोरे बरेच जास्त निघतील. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की वर दिसणाऱ्या फुलांवर औषध मारून पीक का सुधारत नाही ते सांगायची गरज उरत नाही.

ती गाठ कशी तयार होते हेही हार्मोनचंच काम. उगवलेल्या टारफुल्याला ज्वारीच्या मुळाच्या सालीतून निघणारे क्विनोन जातीचे पदार्थ भेटले की त्याच्या मुळाचं टोक वाढायचं थांबतं, तिथे ऑक्झिन हा वाढीचा हार्मोन जमा होतो, टोक फुगतं, आणि यजमानाकडून येणारं इथिलीन ओळखून ते आणखी लांब न वाढता आत घुसायला लागतं. हे इथिलीनचं काम २०२० मध्ये टारफुल्याच्याच घराण्यातल्या फ्थायरोस्पर्मम या जपानी परजीवीवर उलगडलं. त्याच झाडावर २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती, की परजीवी नुसतं ओढून घेत नाही तर स्वतःचं सायटोकायनिन यजमानाच्या मुळात उलट पाठवतं आणि ते मूळ जाड व्हायला लावतं. म्हणजे यजमानाच्या वाढीचा हिशोब तो आतूनच बदलून टाकतो.

पाण्याचं गणित तर त्याहून वाईट. तुमची ज्वारी दुपारी पानं गुंडाळते कारण मुळाने ताण ओळखला की ॲबसिसिक ॲसिड हा ताणाचा हार्मोन वाढतो, आणि तो वाढला की पानांवरची छिद्रं मिटतात, पाणी वाचतं. कोणत्याही शहाण्या कोरडवाहू पिकाचा हा गुण आहे, मालदांडी त्याच जोरावर पावसाविना नुसत्या ओलीवर येते. पण टारफुल्याची छिद्रं मिटतच नाहीत. २०१९ मध्ये कळलं की त्याच्या अंगात ॲबसिसिक ॲसिड भरपूर असतं पण त्याचा हुकूम तो मानत नाही, एका प्रथिनात झालेल्या बदलामुळे तो त्या हार्मोनला बधिर झालाय. छिद्रं उघडी, म्हणजे पानांतून पाणी सारखं उडतंय, म्हणजे ज्वारीपेक्षा ओढ जास्त, म्हणजे ज्वारीच्या मुळातलं पाणी आणि त्याबरोबर साखर, नत्र सगळं त्याच्याकडे. दुपारी ज्वारीची पानं पुंगळी झालेली असतात आणि बुडाशी टारफुला ताजातवाना हिरवा असतो, हे तुम्हीही बघितलं असेल. खाली ओल असूनही पीक दुष्काळात असल्यासारखं दिसतं ते यामुळे.

आणि इथेच तुमच्या दुकानदाराच्या बोलण्याचं मूळ आहे. टारफुला लागलेल्या ज्वारीत जिब्रेलिन आणि सायटोकायनिन कमी होतात हे १९७९ सालीच मोजलेलं आहे, आणि ॲबसिसिक ॲसिड वाढतं हे नंतर मक्यात दिसलं. त्यामुळेच कांड्या आखूड राहतात, पोटरी सुटत नाही. म्हणून ऐकायला बरोबर वाटतं की कमी झालंय ते वरून द्या. पण हार्मोन म्हणजे अन्न नव्हे. द्राक्षात तुम्ही जीए मारता तेव्हा वेलीकडे साखर आणि पाणी असतं, जीए ते कुठे लावायचं एवढंच सांगतं. इथे साखर आणि पाणीच खालच्या गाठीतून चाललंय. जीएने कांडी लांबेल, ताट बारीक आणि उंच होईल, वाऱ्याला लोळेल, कणसात भरायला मात्र काही नसेल. सहा-बीएने पान चार दिवस हिरवं राहील आणि तुम्हाला वाटेल गुण आला. वैरणीच्या दृष्टीनेसुद्धा यात फायदा नाही. जी वस्तू द्राक्षात हजारो रुपये मिळवून देते ती इथे चालेलच असं नाही, एवढं त्या दुकानदाराला समजावून सांगा, राग न धरता, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मग यंदा करायचं काय. फुलाआधीची झाडं दिसतील तशी उपटा. टारफुल्याचं खोड तुटेल, बुडातून परत फुटेल, परत उपटा. यंदाच्या ज्वारीला याने फारसं काही मिळणार नाही हे खरं, पण बी पडणार नाही आणि पुढची दहा वर्षं वाचतील. ज्याला बोंड लागलंय ते बांधावर टाकू नका, पिशवीत भरून शेताबाहेर नेऊन जाळा. त्या पट्ट्याची काढणी सगळ्यात शेवटी करा आणि कडबा वेगळा ठेवा, त्याची वैरण दुसऱ्या गावाला विकू नका, गंजीखालची भुकटी झाडून जाळून टाका. गुरांच्या पोटातून गेलेलं सगळंच बी मरत नाही, म्हणून ते शेण पूर्ण कुजल्याशिवाय चांगल्या रानात जाऊ देऊ नका. त्या रानातून अवजार दुसऱ्या रानात नेताना माती खरवडून काढा.

टू-फोर-डी या तणनाशकाबद्दल विचाराल म्हणून सांगतो, तेसुद्धा एक कृत्रिम ऑक्झिनच आहे, रुंद पानाच्या झाडाला ऑक्झिनचा इतका मारा होतो की ते वेडंवाकडं वाढून मरतं. टारफुल्यावर ते चालतं, ज्वारी गवतवर्गातली असल्यामुळे लहान वयात सहन करते. पण तुमची ज्वारी आता पोटरीत आहे, या अवस्थेत मारलं तर दाणा भरण्यावर परिणाम होतो, तेव्हा यंदाची वेळ गेली. आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे आजूबाजूला डाळिंबाच्या बागा असतात. डाळिंब, द्राक्ष, कापूस, तूर, यांच्यावर टू-फोर-डीचा नुसता वारा गेला तरी पानं पंख्यासारखी आवळतात, द्राक्षाची बाग तर वर्षभर सावरत नाही. माझ्या मते ज्याच्या दोन-तीन बांधांच्या आत फळबाग आहे त्याने याच्या नादी लागूच नये. बाकीच्यांनी लेबलवरचं प्रमाण, वेगळा पंप आणि वारा पडलेली सकाळ, यात तडजोड करू नये.

पुढच्या खरिपात त्या पट्ट्यात भुईमूग किंवा सोयाबीन घ्या, जमीन अगदीच हलकी असेल तर चवळी. नंतर ज्वारी करायचीच असेल तर माती तपासून घ्या आणि दोन चाड्याच्या पाभरीने खत बियाच्या खाली, ओलीत पेरा. फेकून दिलेला फॉस्फरस वरच्या कोरड्या थरात चुन्याला चिकटून बसतो, कोवळ्या मुळाला मिळत नाही, आणि मूळ भुकेलं राहिलं तर आपण वर बोललो ते सगळं परत सुरू. नत्र सुद्धा पेरतानाच, नंतर पाऊस नसताना वरून देऊन उपयोग नाही. मायकोरायझाचं कल्चर चांगल्या प्रतीचं मिळालं तर जरूर लावा, बुरशी मुळात बसली की ज्वारी स्ट्रायगोलॅक्टोन सोडायचं कमी करते हे दिसलेलं आहे, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मधल्या काळात बाजरी, मका किंवा ऊस त्या पट्ट्यात नको, तिन्हींवर टारफुला वाढतो. उसात तर लोक लवकर ओळखतही नाहीत, खोडवा पिवळा पडला की झिंक-फेरस मारत बसतात आणि बुडाशी वाकून बघत नाहीत.

वाणाबद्दल. गेबिसा एजेटा नावाचे इथिओपियाचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात, त्यांनी टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी तयार केली, २००९ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. अशा ज्वारीचं गुपित २०१७ मध्ये उघडलं, एलजीएस-१ नावाच्या जनुकात बदल असल्यामुळे तिच्या मुळातून नेहमीच्या स्ट्रायगोलॅक्टोनऐवजी ओरोबँकॉल हा दुसरा प्रकार निघतो, टारफुल्याचं बी त्याला फारसं जागं होत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतही टारफुल्याला दाद न देणारे सार नावाचे वाण निघाले होते आणि आपल्याच देशातली एन-१३ ही ज्वारी मुळाच्या सालीतच त्याला अडवते. पण मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ सारखी भाकरी, तसा कडबा आणि वर ही प्रतिकारशक्ती, असं एकत्र आलेलं बियाणं आज दुकानात मिळतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. सोलापुरात रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन हीच मागणी शेतकऱ्यांनी लावून धरली पाहिजे, अवर्षणाइतक्याच जोराने.

अमरवेलीचंही कुणीतरी खाली विचारेल म्हणून थोडक्यात. लसूणघासात येणारी अमरवेल स्ट्रायगोलॅक्टोनची वाट बघत नाही, तिचं बी टणक सालीचं असतं, साल झिजली की आपोआप उगवतं आणि कोंब हवेतल्या वासावरून यजमान शोधतो, टोमॅटोवर २००६ मध्ये हे दाखवलंय. म्हणून तिच्यावर सापळा पिकाचा इलाज चालत नाही, तिथे घासाचं बी चाळून, स्वच्छ घेणं आणि लागलेला तुकडा घासासकट कापून जाळणं हाच मार्ग. वांगी-टोमॅटोत येणारी ओरोबँकी, तंबाखूवाले तिला बंबाखू म्हणतात, ती मात्र टारफुल्यासारखीच मुळाच्या स्ट्रायगोलॅक्टोनवर उगवते, तेव्हा वर खताचं आणि बेवडाचं जे लिहिलंय त्यातला विचार तिलाही लागू, पण सापळा पिकं वेगळी.

बादलीत मूळ धुतल्यावर पांढरे दोरे दिसलेच नाहीत तर मात्र मला परत लिहा, आणि सोबत त्या पट्ट्याचा माती तपासणीचा कागद द्या. पानं गुंडाळणं आणि पोटरी अडकणं खोडमाशीने किंवा जमिनीतल्या क्षारानेही होतं, आणि मग हे सगळं उत्तरच वेगळं द्यावं लागेल.